पहिला कॅमेरा : फिल्मचा कीं डिजिटल ?

गतवर्षीं दसऱ्याच्या आधीं तीन-चार दिवस आमच्या वर्गांतील एक विद्यार्थी शाळा सुटल्यावर आपल्या वडिलांस घेऊन आमच्याकडे आला. वडील ऊसतोडीस जाणारे. टोळी निघण्याची तयारी चाललेली, मुकादमाकडून उचल हातीं आलेली, आणि त्या उचलींतून पंधरा हजार रुपये मुलाच्या कॅमेऱ्याकरितां वेगळे काढून त्यांनीं सदऱ्याच्या आंतल्या खिशांत ठेवलेले. “सर, एवढ्यांत चांगला कोणता येईल तें तुम्हीच सांगा,” असें म्हणून ते बांकावर बसले. मुलाचा प्रश्न निराळा होता. त्यानें कोठेंसें ऐकलें होतें, कीं खरे छायाचित्रकार आजहि फिल्मवरच चित्रें काढतात, आणि फिल्मचा जुना कॅमेरा तर तीन हजारांत मिळतो. मग तोच कां घेऊं नये ?

त्या दिवशीं आम्हीं घाईघाईनें कांहींतरी उत्तर दिलें. पुढें हाच प्रश्न आणखी दोन-तीन पालकांनीं विचारला, तेव्हां आमच्या लक्षांत आलें, कीं तो दोन वाक्यांत निकालांत काढण्यासारखा नाहीं. म्हणून ह्या अंकाच्या निमित्तानें त्याचा थोडा सविस्तर विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रथम त्या पंधरा हजारांविषयीं. जानेवारी २०२४ मध्यें झालेल्या करारानें ऊसतोडीचा दर एका टनास सुमारें ३६६ रुपये ठरला. एका कोयत्यानें, म्हणजे नवराबायको दोघांनीं मिळून, दिवसाला दोन टन ऊस तोडला तर पुष्कळ झालें. त्या गृहस्थांनीं आमच्यासमोरच बोटांवर हिशेब केला : एकेचाळीस टन ऊस, दोघांचे वीस-एकवीस दिवस. हिशेब करून ते हंसले व म्हणाले, “पोरगं शिकतंय ना !” आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं कोयता नाहीं त्यांच्या घरीं कापूस आहे, सोयाबीन आहे, किंवा लहानसा पगार आहे. पण पंधरा हजार रुपये म्हणजे किती दिवसांची मेहनत, हें प्रत्येक घरीं असेंच मोजतां येईल. बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हा शुभवर्तमानांतील दाखला आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. कॅमेऱ्याच्या बाबतींत फसगत होते ती नेमकी येथें : लोक पेटीची किंमत विचारतात, चित्राची विचारीत नाहींत.

कॅमेरा म्हणजे वस्तुतः एक काळोखी पेटी. उन्हाळ्यांत दुपारीं दारें-खिडक्या लावून निजलें असतां दाराच्या एखाद्या बारीक भोकांतून उजेड आंत येतो, आणि रस्त्यानें जाणाऱ्या माणसांचीं उलटीं, अंधुक चित्रें समोरच्या भिंतीवर हलूं लागतात, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. भोंकाच्या जागीं भिंग बसविलें कीं चित्र स्पष्ट होतें. एवढें मनुष्यास फार पूर्वींपासून माहीत होतें. भिंतीवरील तें चित्र धरून कसें ठेवावें, ही अडचण मात्र १८३९ सालीं सुटली. त्या सालीं फ्रान्सांत डागेर व इंग्लंडांत टॅलबट ह्या दोघांच्या निरनिराळ्या रीति जाहीर झाल्या. दोहोंचेंहि मूळ एकच : चांदीचे कांहीं क्षार उजेड लागतांच पालटतात. पुढें १८५४ सालीं मुंबईस छायाचित्रकारांची संस्था निघाली, म्हणजे ही विद्या आपल्याकडे येण्यास फारसा वेळ लागला नाहीं.

फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टीवर जिलेटिनच्या पातळ थरांत बसविलेले ह्याच क्षारांचे सूक्ष्म कण. कॅमेऱ्याची खटकी दाबली, कीं पडदा क्षणभर उघडतो व ज्या कणांवर उजेड पडतो त्यांत बदल होतो. परंतु तो बदल डोळ्यांस दिसत नाहीं. काळोख्या खोलींत विशिष्ट द्रावणांत फिल्म बुडविली म्हणजे उजेड लागलेल्या कणांची काळी चांदी होते. नंतर हायपोच्या पाण्यांत उरलेले क्षार धुऊन निघतात, आणि निगेटिव्ह तयार होते. तींत उजळ भाग काळा व काळा भाग उजळ दिसतो. कागदावर छाप घेतला कीं पुन्हां सरळ.

हें काम लोकांच्या हातीं सोपें करून दिलें तें अमेरिकेंतील जॉर्ज ईस्टमन ह्यानें. १८८८ सालीं त्यानें कोडॅक नांवाचा कॅमेरा पंचवीस डॉलरांस विकावयास काढला. त्यांत शंभर चित्रांचें रीळ भरलेलें असे. तें संपलें कीं सबंध कॅमेराच कारखान्याकडे पाठवावयाचा. तेथें चित्रें तयार होत व नवें रीळ भरून कॅमेरा परत येई. पुढें १९०० सालीं त्यानें ब्राउनी नांवाची पेटी एका डॉलरास काढली, ती मुख्यतः मुलांसाठीं. ईस्टमनचें औदार्य वाखाणण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. त्याचा खरा नफा पेटींत नव्हता, रिळांत होता. पेटी एकदां विकली जाते. रीळ जन्मभर विकत घ्यावें लागतें.

आमच्या विद्यार्थ्याच्या तीन हजारांच्या जुन्या कॅमेऱ्याची गोष्ट हीच आहे. आज छत्तीस चित्रांचें एक रंगीत रीळ घेऊन, तें धुऊन व स्कॅन करवून घेण्यास, टपालखर्च सोडून, हजार रुपये धरून चालावें. म्हणजे एका चित्रास सुमारें अठ्ठावीस रुपये पडले. शिकाऊ मुलाचीं पहिलीं हजार चित्रें बहुतेक वायांच जातात. तीं वायां गेल्याशिवाय हात बसत नाहीं. हजार चित्रांस अठ्ठावीस रिळें, म्हणजे अठ्ठावीस हजार रुपये. तीन हजारांचा कॅमेरा असा एकतीस हजारांस पडतो. शिवाय पूर्वीं तालुक्याच्या गांवींहि फिल्म धुणारीं दुकानें होतीं. आतां रीळ बहुधा पुण्यामुंबईकडे पाठवावें लागतें, आणि चित्र बिघडलें हें कळेपर्यंत तें कां बिघडलें हें मुलगा विसरून गेलेला असतो.

ह्या बाबतींत आमचा स्वतःचा एक अनुभव आहे. तो आमच्या अजागळपणाचा आहे, तरी सांगतों. आम्ही महाविद्यालयांत असतांना आजोबांस ऐंशी वर्षें पूर्ण झालीं, म्हणून घरीं उपकारस्तुतीची प्रार्थना ठेविली होती. मंडळींतील सर्व लोक जमले होते. आम्हीं एका मित्राचा फिल्मचा कॅमेरा मागून आणला, रीळ स्वतः भरलें आणि दिवसभर चित्रें काढलीं. छत्तीस चित्रें झालीं कीं रीळ अडावयास पाहिजे, तें अडेना. आम्हांस वाटलें, दुकानदारानें चुकून मोठें रीळ दिलें असेल ! त्या आनंदांत आम्हीं आणखी दहा-बारा चित्रें काढलीं. वास्तविक रिळाचें टोंक चाकाच्या दांत्यांत अडकलेंच नव्हतें, आणि फिल्म जागची तसूभरहि हलली नव्हती. सबंध रीळ कोरें निघालें. त्याच पावसाळ्यांत आजोबा वारले. त्यांच्या म्हातारपणचें एकच चित्र आमच्या घरीं आहे, तें निवडणुकीच्या ओळखपत्रावरचें.

आतां डिजिटलकडे वळूं. ह्यांत फिल्मच्या जागीं सेन्सर असतो. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ ह्यांनीं अशा प्रकारचें एक साधन शोधून काढलें. त्याबद्दल त्यांस २००९ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. सेन्सर म्हणजे लाखों बारीक वाट्या मांडून ठेवलेलें अंगण समजावें. पावसाऐवजीं उजेड पडतो. प्रत्येक वाटींत किती पडला हें विजेच्या रूपानें मोजलें जातें, व त्या आंकड्यांवरून चित्र उभें राहतें. वाट्या रंग ओळखीत नाहींत. म्हणून त्यांवर तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगांच्या सूक्ष्म कांचा बसविलेल्या असतात.

गंमत अशी, कीं पहिला सुटसुटीत डिजिटल कॅमेरा तयार झाला तो ईस्टमनच्याच कंपनींत. १९७५ सालीं स्टीव्हन सॅसन नांवाच्या तिच्या तरुण इंजिनियरानें तो जुळविला. वजन साडेतीन किलोंहून अधिक, चित्रांत अवघे दहा हजार ठिपके, तेंहि काळें-पांढरें. आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास तेवीस सेकंद लागत. रिळें विकून मोठी झालेली ती कंपनी रीळ नको असलेल्या कॅमेऱ्याकडे पुरतें वळूं शकली नाहीं, आणि जानेवारी २०१२ मध्यें तिच्यावर दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेण्याची पाळी आली.

डिजिटलचा मोठा गुण हा, कीं चूक तत्काळ दिसते व ती सुधारण्यास पैसा पडत नाहीं. मात्र त्यास खर्चच नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. मेमरी कार्ड लागतें, बॅटरी तीन-चार वर्षांनीं दम सोडते, आणि चित्रें कोठें तरी सांभाळून ठेवावीं लागतात. ह्या शेवटच्या गोष्टीकडे कोणी लक्ष देत नाहीं. आमच्या वडिलांच्या ट्रंकेंत पन्नास वर्षांपूर्वींच्या निगेटिव्ह कागदांत गुंडाळलेल्या आहेत. त्यांवरून आजहि चित्र निघतें. उलट आमच्या मुलीच्या पहिल्या वर्षाचीं सगळीं चित्रें एका मेमरी कार्डाबरोबर गेलीं, कारण आम्हीं त्यांची दुसरी प्रत केली नव्हती. म्हणून आमचें सांगणें असें, कीं वर्षांतून जीं पांच-सात चित्रें जपण्यासारखीं वाटतील तीं कागदावर छापून घ्यावीं, आणि बाकीचीं दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवावीं.

कॅमेरा कोणता, हा प्रश्न एवढ्यानें सुटला असें कोणी म्हणेल. आमच्या मतें त्याआधीं आणखी एक प्रश्न आहे : कॅमेरा कशासाठीं ? येथें दादासाहेब फाळके ह्यांचें चरित्र पाहण्यासारखें आहे. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचें नांव सर्वांस ठाऊक असतें. पण साध्या छायाचित्रणांत त्यांनीं किती वर्षें घालविलीं हें सहसा सांगितलें जात नाहीं. त्यांचा जन्म १८७० सालचा, त्र्यंबकेश्वरचा. १८९० सालीं ते बडोद्याच्या कलाभवनांत दाखल झाले. तेथील प्राचार्य गज्जर ह्यांनीं संस्थेची छायाचित्रणाची खोली व प्रयोगशाळा त्यांस वापरूं दिली. १८९२ सालीं अहमदाबादच्या प्रदर्शनांत त्यांनीं केलेल्या नाट्यगृहाच्या नमुन्यास सुवर्णपदक मिळालें, तेव्हां एका चाहत्यानें त्यांस एक भारी कॅमेरा भेट दिला. पुढें गोध्र्यास त्यांनीं छायाचित्रकाराचा धंदा मांडला. तेथें प्लेगनें त्यांची पत्नी व मूल गेलें. बडोद्यास परत येऊन पुन्हां धंदा काढला, तर कॅमेरा माणसाची शक्ति ओढून घेतो व माणूस मरतो, अशी कंडी लोकांत पिकली. गिऱ्हाइकें येतनाशीं झालीं. (आमच्या आजीचीहि अशीच समजूत होती, आम्हीं कॅमेरा रोखला कीं ती पदर तोंडावर घेई.) त्यानंतर पुराणवस्तु खात्यांत छायाचित्रकाराची नोकरी, छापखाना, भागीदारांशीं मतभेद, असें करीत करीत त्यांची चाळिशी आली.

त्या सुमारास, १९१०-११ च्या दरम्यान, गिरगांवांतील एका चित्रपटगृहांत त्यांनीं ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहिला, आणि आपल्या देवादिकांच्या कथा अशाच पडद्यावर आणाव्या हा ध्यास त्यांनीं घेतला. आमच्या ख्रिस्ती वाचकांस ह्या गोष्टीचें कौतुक वाटणें साहजिक आहे. पण आम्हांस येथें दुसरेंच कांहीं दाखवावयाचें आहे. ध्यास लागला तरी त्यांनीं लगेच मोठें यंत्र घेतलें नाहीं. एक लहानसा कॅमेरा व कांहीं रिळें घेऊन रात्रीं मेणबत्तीच्या उजेडांत भिंगांतून भिंतीवर चित्रें पाडून पाहिलीं. पुस्तकें व किंमतपत्रकें मागवून वाचलीं. एवढें झाल्यावर विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून १९१२ सालीं ते विलायतेस गेले, आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला. परत आल्यावर लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनीं काय केलें ? एका कुंडींत वाटाणे पेरले, कॅमेरा समोर ठेवला, आणि महिनाभराहून अधिक काळ त्या रोपाचें चित्र घेत राहिले. बियाणें फुटून वेल वर चढेपर्यंतची सबंध वाढ पडद्यावर मिनिटाहून थोड्याच अधिक वेळांत दिसली. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ च्या मे महिन्यांत झळकला. कर्ज त्यांनींहि काढलें, हें खरें. पण तें वीस वर्षें हात घासल्यावर, आणि यंत्र कशास पाहिजे हें पुरतें कळल्यावर.

म्हणून त्या विद्यार्थ्यास आम्हीं विचारलें, कीं तुला चित्रें कशाचीं काढावयाचीं आहेत ? तो बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, कीं आईवडील सहा महिने कोपींत राहतात. तीं तेथें कशीं राहतात त्याचीं.

ह्याकरितां पंधरा हजारांचा कॅमेरा लागत नाहीं. वडिलांजवळ कांच तडकलेला एक मोबाइल होता. त्यावर आरंभ करण्यास सांगितलें. मोबाइलचा सेन्सर नखाएवढा असतो. त्यामुळें अंधारांत त्याचीं चित्रें मळकट निघतात, आणि दूरचें जवळ आणूं गेल्यास चेहरे पुसट होतात. परंतु उजेड कोणीकडून येतो, चौकटींत काय घ्यावें व काय सोडावें, माणूस सहज केव्हां बसतो, हें शिकविण्यास तो पुरेसा आहे. अट एकच घातली : दिवसाला दहांहून अधिक चित्रें काढावयाचीं नाहींत. फिल्मपासून घेण्यासारखा गुण हाच, आणि तो फुकट घेतां येतो.

ज्यांस वर्षभर मोबाइलवर हात चालवूनहि अडतें, त्यांनीं मग कॅमेरा घ्यावा. तोहि आमच्या मतें डिजिटल, आणि वापरलेला. भिंग बदलतां येणारे दहा-बारा वर्षांपूर्वींचे कॅमेरे सहा ते दहा हजारांच्या आंत मिळूं शकतात. मुंबईस फोर्टांतील बोरा बाजारांत त्यांचीं दुकानें आहेत. दुकानदार मेगापिक्सेलचे आंकडे सांगून भुलवितो, त्यास भुलूं नये. आठ इंच बाय दहा इंच आकाराचें उत्तम चित्र छापण्यास सव्वासात मेगापिक्सेल पुरतात. ह्या मासिकाचें पान त्याहून फार मोठें नाहीं.

जुना कॅमेरा घेतांना भिंग उजेडासमोर धरून आरपार पाहावें. आंत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु दिसले तर ती बुरशी होय. मुंबईच्या दमट हवेंत ती सहज धरते. असें भिंग कितीहि स्वस्त मिळालें तरी नको. नंतर पांढऱ्या भिंतीचें किंवा स्वच्छ आकाशाचें चित्र, भिंगाचें तोंड होईल तितकें लहान करून, काढावें. त्यांत काळे ठिपके दिसल्यास सेन्सरवर धूळ किंवा डाग आहेत. धूळ साफ होते, ओरखडा जात नाहीं. पडदा आजवर किती वेळां उघडला हा आंकडा पुष्कळ कॅमेऱ्यांत निघतो. साध्या कॅमेऱ्याचा पडदा सुमारें एक लाख वेळां उघडेपर्यंत टिकेल असें धरतात, तेव्हां ऐंशी हजारांवर गेलेला टाळावा. बॅटरी व चार्जर मूळचे आहेत कीं नाहींत, आणि त्या जातीची बॅटरी अजून विकत मिळते कीं नाहीं, हेंहि विचारावें. आणि कॅमेऱ्याचा क्रमांक घातलेली पावती घेतल्यावांचून पैसे देऊं नयेत. चोरीचा माल विकत घेतल्यास नसती आपत्ति ओढवते.

एवढें लिहिल्यावर फिल्म अगदींच टाकाऊ ठरविल्यासारखें वाटेल. तसें नाहीं. कित्येक घरांत आगफा क्लिक-थ्री अजून माळ्यावर असेल. त्यांत १२० नंबरचें रीळ बसतें व त्यावर बारा चित्रें निघतात. एकट्या मुलास हा छंद परवडणार नाहीं. बारा मुलांनीं मिळून एक रीळ घेतलें, आणि प्रत्येकानें एकच चित्र काढलें, तर कां परवडूं नये? काळें-पांढरें रीळ धुण्यास पुण्यामुंबईसहि जावें लागत नाहीं. कॉफीची पूड, धुण्याचा सोडा व व्हिटॅमिन सी ह्यांच्या मिश्रणांत फिल्मवरील चित्र उमटतें, ही गोष्ट गंमतीची वाटली तरी खरी आहे. आणि हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, शाळेच्या प्रयोगशाळेंत असतोच. खोली मात्र अगदीं काळोखी पाहिजे. पुढील वर्षीं शास्त्राच्या शिक्षकांच्या साह्यानें हा प्रयोग करून पाहण्याचा आमचा विचार आहे. माळ्यावरचा कॅमेरा कोणाकडे असल्यास त्यांनीं तो मोडींत न घालतां शाळेंत दाखवावा.

तो विद्यार्थी नाताळच्या सुटींत आईवडिलांकडे फडावर गेला होता. परत आला तेव्हां त्याच्याजवळ साठ-सत्तर चित्रें होतीं. आम्हीं दोघांनीं बसून त्यांतील चार निवडलीं आणि गांवांतील दुकानांत छापून घेतलीं. एकांत पहांटेच्या थंडींत त्याची आई कोपीबाहेर चुलीशीं बसली आहे. चेहऱ्याच्या एका बाजूस जाळाचा उजेड आहे, दुसरी बाजू काळोखांत आहे. चित्र थोडें हललेलें आहे. तिनें तें ट्रंकेच्या झांकणाला आंतून चिकटविलें आहे, असें तो सांगत होता.

पंधरा हजारांपैकीं सहा हजार वडिलांनीं अजून मोडलेले नाहींत. टोळी परत आल्यावर उन्हाळ्याच्या सुटींत बापलेक मुंबईस जाणार आहेत. भिंग उजेडासमोर कसें धरावें, हें त्यानें आमच्या चष्म्यावर दोनदां करून पाहिलें.